सोनूच्या हातावरचा कापूस

ढाणकीच्या बाजारपेठेत एका कृषी केंद्राच्या माडीवर रक्त तपासायची खोली आहे. खाली बियाण्यांच्या थैल्या, वर सुया आणि नळ्या. तिथल्या बाकावर बसंतीबाई बसली होती. डाव्या अंगाला धाकटी सोनू. उजव्या अंगाची जागा रिकामी, कारण थोरली ममता आल्या आल्या संडासात गेली होती आणि अजून बाहेर आली नव्हती.

रक्त ममताचं द्यायचं होतं.

उमरखेडला बी.ए. करताना ममताला हे दुखणं लागलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, त्या भरतात, पुन्हा उघडतात. पोटात कळ उठते, आणि उठली की माणसाला घर पुरत नाही, शेत पुरत नाही, कोपरा शोधावा लागतो. शिवाय रक्त जातं. कुठून जातं, ते पोरीनं तोंडानं कधी सांगितलंच नव्हतं. भर दुपारी, तांड्यातल्या बाया झोपलेल्या असताना ती एकटी हापशीवर आपले कपडे धुताना दिसली, तेव्हा बसंतीबाईला कळलं. मग यवतमाळच्या डॉक्टरबाई झाल्या, नळी घालून तपासणं झालं, गोळ्या सुरू झाल्या. बरी होती. मग ह्या थंडीत पुन्हा चेहरा उतरू लागला.

मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं, "मावशी, रक्तात काही खुणा असतात. आतली सूज कुठं चालली आहे, पुढच्या काळात आजार उसळेल का, ह्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अंदाजच, बरं का. पण उसळण्यासारखा वाटला तर भारी औषध आत्ताच सुरू करू. एकदा उसळला आणि आतडं फार नासलं तर ते कापून काढायची वेळ येते. ती वेळ मला येऊ द्यायची नाही."

बसंतीबाईनं मान हलवली होती. समजलंही होतं. पण त्याच आठवड्यात राळेगावकडच्या तांड्यातून भीमसिंग आपल्या ओमसाठी ममताला बघून गेले. ओम जिनिंगमध्ये सुपरवायझर होता, शांत होता, ममताला आवडला होता. पोटाच्या तक्रारीचं भीमसिंगांच्या कानावर आलं होतं. ते म्हणाले, "पोट कोनाचं दुखत नाई? पन डॉक्टरीन पुढचं सांगनारा रिपोर्ट काढून राह्यली म्हनतात. थो चांगला येऊ द्या. लगेच साखरपुडा."

त्या दिवसापासून बसंतीबाईच्या मनात ती तपासणी औषधासाठी उरली नाही. ती पोरीच्या कपाळाची झाली.

"ममता देवसिंग आडे," रक्त काढणारा माणूस दारातून म्हणाला. कोणी उठलं नाही तेव्हा तो वैतागला. "कोन आहे ममता? बाई, नागपूरची गाडी खाली उभी आहे. हे रक्त थंड डब्यात आजच जाते. गाडी गेली म्हंजे मंग पुढच्या हप्त्यात."

बसंतीबाईनं संडासाच्या दाराकडे पाहिलं. आत नळ वाहत होता. पोरगी नळ सोडून बसते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग तिनं सोनूकडे पाहिलं. सोनूचे गाल तुरीच्या शेतात तापून तांबूस झाले होते. बारावीतली पोर, ताप काय असतो ते ठाऊक नसलेली.

तिनं सोनूच्या पाठीला हात लावला. ढकललं असं म्हणता येणार नाही. नुसता हात लावला.

"याडी?" सोनू म्हणाली. आमच्याकडच्या गोर बंजाऱ्यांच्या घरांत आईला याडी म्हणतात.

"बस तिथं."

सोनू बसली. बाही वर गेली, पट्टा बांधला गेला, नळीत काळसर लाल रक्त चढू लागलं. बसंतीबाई स्वतःशी बोलत होती. एकाच कुशीतल्या दोघी. एकच दूध प्यायल्या. रक्त तर माझंच आहे दोघींत, त्यात हिचं काय आणि तिचं काय? तिला ते जवळजवळ पटलंही.

ममता ओढणीनं तोंड पुसत बाहेर आली तेव्हा तो माणूस जिना उतरत होता.

"चला, झालं," बसंतीबाई म्हणाली.

"माझं काढाचं हाये ना अजून?"

"झालं म्हनलं ना."

ममताची नजर सोनूच्या कोपरावर गेली. तिथं खळगीत कापसाचा बोळा दाबलेला होता, त्यावर तांबडा ठिपका. ममताच्या चेहऱ्यावर क्षणभर काही उमटलं. बसंतीबाईनं ते नीट पाहिलं. तो राग नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं. पुढे मायलेकींना एकमेकींकडे बघवेना, ते त्या एका क्षणामुळे.

परतीला तिघी ऑटोत बसल्या. रक्त कधीच थांबलं होतं, तरी सोनूनं तांडा येईपर्यंत कोपर मिटूनच ठेवलं.

*

फाल्गुन लागला. नाल्याकाठचा पळस पेटला. ममताच्या बापानं, देवसिंगनं, तुरी काढून घरात आणल्या आणि अंगणातल्या निंबाखाली बाज टाकली, कारण त्या दिवशी भीमसिंग आणि ओम बोलणं पक्कं करायला आले होते. बसंतीबाई डोक्यावरून पदर ओढून चहा देत होती. ममता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कळ येऊ नये म्हणून सकाळपासून तिनं काहीच खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात देवसिंगचा फोन वाजला. यवतमाळच्या डॉक्टरबाई.

देवसिंग हा भोळा माणूस. चांगली बातमी एकट्यानं ऐकायची त्याला सवय नव्हती. त्यानं हौसेनं स्पीकर लावला आणि फोन बाजेवर भीमसिंगांच्या मांडीजवळ ठेवला.

"देवसिंगजी, रिपोर्ट आलाय. छान आहे अगदी," फोन बोलू लागला. "सुजेच्या खुणा नाहीत. मला इतक्या चांगल्याची आशा नव्हती, खरं सांगते. ममता आहे का तिथं? तिच्याशी बोलायचंय."

"हाये ना, हाये. ऐकून राह्यली. बोला तुमी."

भीमसिंगांनी कप खाली ठेवला आणि कान दिला. ओम जमिनीकडे बघत होता.

"ममता, नुसत्या रक्तावर मी ठरवत नाही. तू सांग. दिवसातून किती वेळा जावं लागतं? रात्री उठावं लागतं का? संडासातून रक्त जातं का अजून?"

अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली असं बसंतीबाईला वाटलं. होणाऱ्या सासऱ्याच्या मांडीजवळून तो शब्द उठला आणि निंबाखाली तसाच उभा राहिला. ममतानं आईकडे पाहिलं. आईनं काही म्हणावं, फोन उचलावा, काही पाडावं, काही सांडावं. बसंतीबाईच्या हातात चहाची गाळणी होती. ती गाळणीतला चोथा बघत राहिली.

"नाई मॅडम," ममता म्हणाली.

"नक्की?"

"नाई जात."

"बरं झालं. मग ते भारी औषध नको सुरू करायला. आहेत त्या गोळ्या चालू ठेव. उन्हाळा संपला की ये."

फोन बंद झाला. भीमसिंगांनी देवसिंगच्या पाठीवर थाप मारली. "समधी, डॉक्टरीन तं लय उघडं बोलते बाप्पा," ते म्हणाले, आणि सगळे पुरुष हसले, कारण हसण्यानंच तो शब्द अंगणाबाहेर जाणार होता. वैशाखातली तारीख ठरली. ममता आत गेली. मागच्या दारानं टिनाच्या संडासाकडे जाताना तिची चप्पल वाजली नाही. ती अनवाणी पळाली होती.

*

त्यानंतर घरात तिघी होत्या आणि तिघींच्या मधे एक गोष्ट होती. त्या गोष्टीला वळसा घालून तिघी स्वयंपाक करायच्या, वळसा घालून झोपायच्या.

ममता वाळत चालली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गल्लीतल्या बाया म्हणत, लग्नाची पोरगी, लाजेनं खात नाही. बसंतीबाई ताकात भात कालवून भरवायची, डाळिंब सोलून द्यायची, रोज सकाळी पोरीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायची. आत लाल असायला हवं तिथं पांढुरकं झालं होतं.

एकदा चुलीपाशी सोनू हळूच म्हणाली, "याडी, डॉक्टरीनले सांग ना."

"काय सांगू?"

"थे रक्त माझं होतं म्हनून."

"लगन मोडन."

सोनू बराच वेळ चुलीत काड्या सारत राहिली. मग म्हणाली, "माझं रक्त चांगलं निघालं म्हनून तिचं औषध थांबलं. माझं बी खराब असतं तं बरं झालं असतं."

बसंतीबाईला त्यावर पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिचे पाय धरावेसे वाटले. तिनं दोन्ही केलं नाही. पीठ मळत राहिली.

आणि ममता? तिला विचारलं तर ती म्हणायची, "लगनापुरतं निभू दे याडी. मंग ओमले मीच सांगीन." हे म्हणताना ती भिंतीला धरून उभी असायची.

*

चैत्रात बाया ढावल्यासाठी जमू लागल्या.

ढावलो म्हणजे गोर बंजाऱ्यांच्या नवरीचं रडगाणं. निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्याच्या नावानं रडत रडत गाते: आईच्या, बापाच्या, भावाच्या, शेजारणीच्या, गोठ्यातल्या गाईच्यासुद्धा. सूर पिढ्यांचा, शब्द ज्याचे त्याचे. आता पोरींना ते येत नाही. डीजे लावला की सगळं त्यात बुडून जातं. पण आडेंच्या तांड्यात अजून ढावलो होता, कारण तिथं बसंतीबाई होती. दूरदूरच्या तांड्यांतल्या आया आपल्या पोरी तिच्याकडे शिकायला आणत. तिची काचळी, अंगातली चोळी, जुनी, आरशांची. ती गाऊ लागली की त्या आरशांत उन्हाचे तुकडे हलत आणि समोरच्या पोरीला रडू येई.

शिकवताना तिचा एकच धाक असायचा. कोणाच्या तोंडचं उष्टं गाऊ नको. ज्याच्या गळ्यात पडलीस त्याच्यात आणि तुझ्यात जे घडलं तेच गा. घरच्या गाईनं लाथ मारली असेल तर तेही गा. तिच्या स्वतःच्या लग्नात ती आपल्या आईच्या गळ्यात पडून गायली होती:

*याडी, तुझी बाटी गरम होती,*
*फुंकर घालता घालता मी मोठी झाले.*
*याडी, तुझ्या काचळीचे आरसे मोजत*
*मी दूरचे रस्ते मोजायला शिकले.*

त्या दुपारी बाया ओसरीवर गोधडी टाकून बसल्या होत्या. म्हाताऱ्या धुरपताबाई मधोमध, कारण सूर चुकला तर पहिला टोमणा त्यांचा असायचा. ममताला ताप होता, पण ती आली. आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि आईच्या गळ्यात हात टाकले. बसंतीबाईला तिच्या मनगटांचं ऊन मानेवर लागलं. ओझं मात्र काहीच लागलं नाही, इतकी पोर हलकी झाली होती.

ममतानं सूर धरला.

*याडी, मी तुझ्या अंगणातलं पाखरू,*
*आज उडाले परक्या रानात…*

"अवं, हे तं कॅसेटमधलं," धुरपताबाई म्हणाल्या. "मास्तरनीची पोरगी अन् उष्टं गाते."

बाया हसल्या. आणि बसंतीबाईच्या तोंडातून, इतक्या वर्षांत इतक्या पोरींना म्हणाली होती म्हणून, सवयीनं निघून गेलं, "असं नको बाई. आपल्यात घडलं थे गाय."

म्हणाली आणि तिचीच जीभ थंड पडली.

ममताचे हात गळ्याभोवती घट्ट झाले. मग तोच जुना सूर, पण अगदी बारीक, सुईच्या नेढ्यातून दोरा ओढावा तसा:

*याडी, माझं नाव पुकारलं*
*तवा मी कोंडून बसली होती.*
*याडी, माझ्या नावाच्या खुर्चीत*
*तू माझी बहीन बसवली.*
*याडी, तिचं रक्त माझ्या नावानं गेलं,*
*अन् माझं रक्त कोनाच्या नावानं जाते?*
*याडी, निंबाखाली मले इचारलं,*
*तू चहाची गाळनी पाहात होती.*

बायांना काही ते गाणं उमगायला जड गेलं नाही; रिपोर्ट आल्याचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते. सोनू उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय म्हने पोरगी, बसंती?" धुरपताबाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

तेव्हा, त्या वेळेलासुद्धा, बसंतीबाई म्हणाली, "तापानं बरळून राह्यली."

ममतानं हात सोडले. आईकडे न बघता उठली, पोट धरून मागच्या दाराकडे गेली. ती बसली होती तिथं गोधडीवर तळहाताएवढा ओला डाग होता. पाळीचं आहे, असं एखादी म्हणू शकली असती. कोणी म्हणालं नाही. धुरपताबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, डाग आत जाईल अशी गोधडीची घडी घातली, ती बसंतीबाईच्या मांडीवर ठेवली आणि बायांना म्हणाल्या, "चला वं, घरी कामं नाईत का?"

बाया गेल्या. जाताना एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं, बोटं मोडली असती, तर बसंतीबाईला कुठंतरी धरायला जागा मिळाली असती.

ती गोधडी घेऊन मागे गेली. टिनाचं दार बंद होतं. आत नळ वाहत होता. ह्या घरातल्या पोरीला आपलं दुखणं पाण्याच्या आवाजाखाली झाकावं लागतं, आणि ते पाणी आपणच सोडलं आहे, असं तिला वाटलं.

"ममता," ती दाराला म्हणाली. "नळ बंद कर बाई. कोनी नाई इथं. मीच हाये."

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला.

"मी खोटं बोलली," बसंतीबाई म्हणाली. "आताबी बोलली. बायांपुढं."

तिनं टिनाला कपाळ टेकलं.

"उद्या यवतमाळले जाऊ."

"अन् लगन?" आतून आवाज आला. आवाज लहानपणचा होता.

"मले नाई मालूम."

"याडी, मले सांगाची लाज वाटते."

"तू नको सांगू. मी सांगीन. लाज माझी हाये, तुले कायले पाह्यजे?"

देवसिंग शेतातून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला, हातात फिरवला आणि उलटा करून खाली ठेवला.

"स्पीकर मी लावला होता," एवढंच म्हणाला.

*

उमरखेड, महागाव, आर्णी. एसटीच्या खिडकीतून पळसाला आता पानं दिसत होती. ममतासाठी कंडक्टरला दोनदा गाडी थांबवायला सांगावं लागलं. दोन्ही वेळा बसंतीबाईच उठली, आणि सगळ्या गाडीसमोर म्हणाली, "पोरीचं पोट बिघडलं हाये, थांबवा." पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा कमी फाटला.

डॉक्टरबाईंनी ममताला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी समोर तो चांगला रिपोर्ट उघडला, पुन्हा ममताकडे पाहिलं. "हे जुळत नाही," त्या पुटपुटल्या.

"जुळनार नाई," बसंतीबाई म्हणाली. ती खुर्चीवर बसली नव्हती. "थे रक्त तिचं नोहे. ह्या माझ्या धाकटीचं हाये. मी बसवलं तिले. ममताले नाई इचारलं, सोनूले बी नाई इचारलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडतील असं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत.

"पण मावशी, फोनवर मी तिलाच विचारलं होतं."

"पावने बसले होते मॅडम. फोनचा आवाज मोठा होता."

"मला विचारायला हवं होतं, आजूबाजूला कोण आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या; पण लगेच त्यांचा आवाज कोरडा झाला. "तरी ऐका. माझ्याकडे हिच्यासारखे पुष्कळ पेशंट आहेत. ह्या खुणा नव्या आहेत. कोणाच्या रक्तात काय दिसलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे जुळवत जुळवतच आम्ही पुढच्याला अंदाज सांगतो. तुमच्या सोनूचं रक्त बघून मी मनात धरलं होतं, की असं दिसलं तर धोका नाही. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोरीलाही मी तेच सांगितलं असतं."

बसंतीबाईला आपल्या घरापुरती लाज ठाऊक होती. तांड्यापुरती काल कळली. ही तिसरी, न पाहिलेल्या पोरींपर्यंत पोचणारी, तिला कुठं ठेवावी ते कळेना. ती भिंतीला टेकली.

"आतडं वाचन का?" तिनं विचारलं.

"आज सांगता येत नाही. आधी हिचं रक्त बघू दे. हिचंच."

ममताला दाखल केलं. अंगात रक्त इतकं कमी होतं की बाहेरून चढवावं लागणार होतं, आणि बदल्यात घरच्यांनी रक्तपेढीत द्यायचं होतं. सोनू सगळ्यांच्या आधी उठली. अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. बाही तिनं स्वतःच खांद्यापर्यंत गुंडाळली. पेढीतल्या बाईनं तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "वजन भरत नाही गं. तुझं नाही घेता येणार."

इतके दिवस सोनू रडली नव्हती. गुंडाळलेली बाही तशीच ठेवून ती पेढीच्या पायऱ्यांवर बसून रडली. रक्त देवसिंगनं दिलं.

नव्या रक्ताचा रिपोर्ट यायचा तसाच आला. सगळ्या खुणा वाईट. भारी औषध सलाइनमधून सुरू झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे लागू पडलं तर पडलं, नाही तर शस्त्रक्रिया. उशीर झाला नसता तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. बसंतीबाईनं ते स्वतःच म्हणून घेतलं, खाटेपाशी, पुन्हा पुन्हा.

एका सकाळी वॉर्डात चहा फिरत असताना देवसिंगचा फोन थरथरला. पडद्यावर भीमसिंगांचं नाव. देवसिंगनं बायकोकडे पाहिलं. बसंतीबाईनं फोन घेतला. समोर माणूस नव्हता तरी डोक्यावर पदर ओढला. मग अंगठ्यानं शोधून शोधून तिनं स्पीकर लावला आणि फोन ममताच्या उशीजवळ धरला. आपल्याबद्दल आई काय बोलते ते पोरीला ऐकू यायला हवं होतं.

"समधी, मी बसंती."

"हां. देवसिंग कुठं हाये? अन् दवाखान्यात कायले भरती केलं? ओमले कोनी तरी सांगतलं…"

"पयले माझं आयकून घ्या. थो रिपोर्ट ममताचा नव्हता. रक्त सोनूचं होतं, मी द्याले लावलं. अन् फोनवर पोरगी नाई म्हने, थे तुमी बसले होते म्हनून. तिले आतड्याचा आजार हाये. संडासातून रक्त जाते. आताबी जाऊन राह्यलं. फसवलं तं मी फसवलं. तिनं नाई."

चहावाला किटली धरून थांबला. समोरच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळली. फोनमधून दूरच्या अंगणातला ट्रॅक्टर ऐकू येत होता, कोणी तरी गुरांना हाकलत होतं.

"आयकून राह्यले ना?"

"हां," ते म्हणाले. मग, "घरी बोलून सांगतो." आणि फोन बंद झाला.

तो होकार नव्हता. नकारही त्यांनी दिला नव्हता, पण बसंतीबाईला आवाज वाचता येत होते. तिनं फोन देवसिंगला दिला. मान वर करून वॉर्डाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. त्या मोठ्या खोलीतल्या प्रत्येक खाटेनं तो शब्द ऐकला होता.

"याडी," ममता म्हणाली. ओठ कोरडे होते. "इतक्या मोठ्यानं?"

"स्पीकर होता ना," बसंतीबाई म्हणाली.

ममतानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, आणि त्याच वेळी ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यातलं खरं कोणतं, हे आईनं विचारलं नाही.

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. औषध लागू पडतंय का ते बघायला पुन्हा रक्त लागणार होतं. "ममता आडे कोण?" ती म्हणाली.

बसंतीबाई उठून बाजूला झाली. ममतानं हात वर केला, सलाइन नसलेला, काडीसारखा. सुई गेली, नळी भरली, नर्सनं खळगीत कापूस ठेवला आणि म्हणाली, "दाबून धरा कोणी तरी."

बसंतीबाईनं अंगठा ठेवला. दुसऱ्या बाजूनं सोनू येऊन उभी राहिली. रक्त थांबलं, नर्स दुसऱ्या खाटेकडे गेली, चहा थंड झाला. बसंतीबाई कापूस धरूनच बसली होती.